एका कार्डावर एकच नाव

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला एक नाव कळव," संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात तुझ्याकडे चार नाही, तीनच माणसं राहतील. फार विचार करू नकोस. बोर्डवर दिसतंच आहे."

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. मानोऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या खोलीत मी एकटीच होते. फोन ठेवला आणि लॅपटॉपकडे पाहिलं. बोर्डवर खरंच दिसत होतं.

हा बोर्ड भिंतीवरचा नव्हे, पडद्यावरचा. त्याला चार उभे रकाने: करायचं, चालू, अडलं, झालं. एका विहिरीचं एक कार्ड. विहीर मोजली, मालकाकडून माहिती घेतली, फोटो चढवला, की कार्ड डावीकडून सरकत उजवीकडे जायचं. आमची संस्था गावातल्या विहिरींचं पाणी मोजून देते, म्हणजे रब्बीत काय पेरायचं ते गावाला आधीच ठरवता यावं. मानोरा तालुक्यातली काही गावं आणि तांडे आमच्या वाट्याला आले होते. चार जण फिरायचे, मी त्यांचं काम जुळवायची.

'झालं' या रकान्यात धनज गावच्या भाऊंच्या नावाची कार्डं खाली खाली सरकवत गेलं तरी संपत नव्हती. मंगरूळपीरहून येणाऱ्या दोघींचीही बरीच होती. काकूंच्या नावाची अकरा.

काकू म्हणजे आमच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या. आठवी शिकलेल्या. आधी बरीच वर्षं बचत गटाच्या कामासाठी तालुका पायी फिरलेल्या. नवरा गेलेला. मुलगी वाशीमला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. घरात दर महिन्याला येणारं असं जे काही होतं, ते काकूंच्या या कामाचंच.

आणि बोर्ड मी बनवला होता.

माझ्या घरातही कॉलेजात गेलेली मीच पहिली. कारंज्याकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे वाशीमला. शाळेतल्या एका गुरुजींनी आम्हाला वही आखायला शिकवली होती. समास सोडायचा, तारीख टाकायची, प्रश्न पूर्ण लिहायचा, मगच उत्तराला हात घालायचा. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. नीट आखलेली गोष्ट दिसली की माझा तिच्यावर विश्वास बसतो, तो तेव्हापासून. त्यामुळे संस्थेने मला सहा आठवड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण दिलं, तेव्हा मी ते शाळेसारखंच केलं. पुण्यातून एक सर शिकवायचे. काम लहान तुकड्यांत तोडा. प्रत्येक तुकड्याला एक तारीख द्या. प्रत्येक तुकड्याला एकच मालक द्या, कारण जे काम दोघांचं असतं ते कोणाचंच नसतं. हे मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आमच्याकडे अर्धी कामं ह्याच्यापायी त्याच्यापायी अडून राहिलेली मी लहानपणापासून पाहिली होती. मला वाटलं, हे आधीच कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

पहिल्याच सोमवारी मी चौघांना गावं वाटून दिली. रोज सकाळी नऊला फोनवर उभ्याने घ्यायची मीटिंग सुरू केली. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, काय अडलं. सगळे आपापल्या गावातून जोडले जायचे. कोणी पुलावर उभं, कोणी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, जिथे नेटवर्क मिळेल तिथे.

"उभ्यानंच काहून?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे मीटिंग लांबत नाही, काकू."

"माह्ये गुडघे दुखतात. मी बसून बोलली तर पाप लागन काय?"

धनजचे भाऊ हसले. "ताई, काकूले बसू द्या. उभी राह्यली तरी ते कमी बोलत नाई."

आठवडाभर मी बोर्ड पाहत राहिले आणि मला काही कळेना. एकाच्या यादीतली कार्डं भराभर पुढे जायची, बाकीच्या तीन याद्या जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची यादी पळायची, पहिली थांबलेली. शनिवारी मी भाऊंना विचारलं, तुम्ही तुमच्या गावांत का गेला नाहीत?

"गेलो ना. चौघंही गेलो. आमी इर्जिक करून राह्यलो ताई."

इर्जिक मला माहीत नव्हती असं नाही. आमच्याही गावात कोणाची पेरणी मागे पडली की सगळे आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, एका दिवसात वावर पेरून द्यायचे आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे. पुढे कधी दुसऱ्याची पाळी. या चौघांनी तसंच ठरवलं होतं. आज सगळे भाऊंच्या यादीतल्या तांड्यावर, उद्या सगळे काकूंच्या गावात. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती, माणसं घरी सापडायची ती सकाळी दोन तास. त्या दोन तासांत चौघं मिळून गाव उरकायचे. दिवाळी झाली की तांड्यांवरची अर्धी घरं ऊसतोडीला जाणार, मग विहिरीची माहिती द्यायला कोण उरणार? त्यांचं बरोबर होतं. मी नाही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, जो मोजेल आणि फोनवर भरेल, त्याचंच नाव कार्डावर टाका. कार्ड एकच नाव घेतं.

फोन बहुतेक भाऊंच्या हातात असायचा. बोटं त्यांचीच चालायची.

मी एकदा त्यांच्याबरोबर एका तांड्यावर गेले होते. भाऊ टेप घेऊन विहिरीच्या काठावर उभे. मालक मोटार बंद करायला तयार नाही, आणि मोटार चालू असेल तर पाण्याची खरी पातळी मिळत नाही. "मोजमाप कायले? उद्या पाणीपट्टी लावसान," म्हणत तो पाठ फिरवून उभा. काकू विहिरीकडे आल्याच नाहीत. त्या थेट घराकडे गेल्या आणि ओसरीवर बसल्या. ज्या घराचा जो नमस्कार, तो त्यांच्या तोंडी तयार असतो. मोडक्यातोडक्या बंजारा भाषेत त्यांनी मालकिणीला काही विचारलं. ती हसली, मग रडली, मग लेकीच्या बाळंतपणाचं सगळं सांगत बसली. मी घड्याळ पाहत होते. अर्धा तास गेला. एकदम मालकिणीने आतूनच नवऱ्याला हाक मारून काहीतरी सुनावलं, आणि तो निमूटपणे जाऊन मोटार बंद करून आला. शेजारच्या दोघांनीही बंद केल्या. भाऊंनी एका दमात तीन विहिरी मोजल्या. तीन कार्डं 'झालं'मध्ये गेली. तिन्हींवर भाऊंचं नाव.

काकू चपला घालत म्हणाल्या, "चाल पोरी, चहा झाला."

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या दिवशी बोर्डवर काय मांडायचं हे मला सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फार खटकलंही नव्हतं. कामं होत होती. 'झालं'चा हिरवा रंग वाढत होता. पुण्याहून फोनवर शाबासकीचा अंगठा यायचा.

मंगळवारी दिवसभर मला एका जागी बसवेना. खोलीत फेऱ्या मारायची, लॅपटॉप मिटायची, पुन्हा उघडायची. जणू मधल्या वेळात अकराचे वीस झाले असतील. मॅडमना मेल लिहायला घेतला आणि चार वेळा पुसला. काय लिहिणार? काकू ओसरीवर बसतात? ज्या पद्धतीने मी महिनाभर काम मोजलं, ती आता एका माणसावर आली म्हणून चुकीची, असं म्हणायला मला लाज वाटत होती. बुधवारच्या मीटिंगला माझा आवाज बरा लागला नसावा. मीटिंग संपली तशी भाऊ मोटारसायकलवरून थेट ऑफिसला आले.

"ताई, काय झालं? खरं सांगा."

सांगायला नको होतं. सांगितलं.

ते हेल्मेट उचलून म्हणाले, "बरं. पाह्यतो."

गुरुवारी मला गावांचे नकाशे आणायला वाशीमला जायचं होतं. परतीच्या बसमध्ये फोन थरथरायला लागला. एक सूचना, दुसरी, मग थांबेचना. कार्डांची नावं बदलत होती. भाऊंचं नाव जाऊन काकूंचं. पुन्हा काकूंचं. मग मंगरूळपीरच्या दोघींच्या कार्डांवरही काकू. मी भाऊंना फोन लावला, तो लागेना. नेटवर्क यायचं, जायचं. शेजारची बाई विचारत होती, घरी कोणी आजारी आहे का. मंगरूळपीर येईपर्यंत काकूंच्या नावावर दीडशेच्या आसपास विहिरी झाल्या होत्या.

इर्जिकच ती. काकूंचं वावर मागे पडलं होतं, तिघं जोड्या घेऊन उतरले होते. पण शेतात काल कोणी नांगरलं हे मातीला विचारता येत नाही. बोर्ड सगळं लक्षात ठेवतो. कोणी, कधी, कुठलं नाव काढून कुठलं टाकलं, मिनिटासकट.

मानोऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हाच मॅडमचा फोन आला.

"तासाभरात दीडशे कार्डं? हा फेरफार आहे. तुला माहीत होतं?"

"नाही मॅडम. पण..."

"आता फक्त एका नावाचा प्रश्न राहिला नाही. उद्या दुपारी तुझी सगळी टीम कॉलवर हवी."

ऑफिसात तिघंही बसले होते, डाव साधल्यासारख्या चेहऱ्याने. मी फोनवर काय झालं ते सांगितलं तसे ते चेहरे उतरले. एवढ्यात काकू आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आता त्यांना नोकरी जाणार हेही सांगावं लागलं, आणि ती वाचवायला काय केलं तेही. मी सांगत असताना माझी नजर फरशीवर होती.

काकू आधी भाऊंकडे वळल्या.

"मले भीक घातली काय बे?"

"काकू, तसं नाई..."

"कसं नाई? ज्या विहिरी मी मोजल्या नाईत, त्या माह्या नावावर कायले? उद्या कोनं इचारलं तर मी काय सांगू? टेप कोन्या बाजूनं धरतात हेही मले धड माहीत नाई!"

"तुमी नसत्या तर एकही विहीर झाली नसती," दोघींपैकी एक म्हणाली.

"मंग तसं ल्याहाचं होतं. चोरून कायले?" मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता माझी पाळी. पण आवाज खाली आला होता. "पोरी, तुले मंगळवारीच माहीत होतं?"

"हो."

"आन् तू दोन दिवस एकटीच घेऊन बसली."

त्याहून त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती रात्र गेली. शुक्रवारी दुपारी खोलीत पाच जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो. मी आधीच ठरवलं होतं की पहिलं मी बोलेन. म्हटलं, नावं बदलणं चूक होती, ती आम्ही परत जशीच्या तशी केली आहेत. पण त्याआधीची चूक माझी आहे. चार जणांनी मिळून केलेल्या कामावर एक नाव टाकायला मी सांगितलं. मला एकाचं नाव काढता येत नाही, कारण कोणी काय केलं हे या बोर्डवरून मलाच कळत नाही. ज्या प्रशिक्षणाबद्दल मी इतकी ऋणी होते, त्याच्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटत होतं.

मॅडम वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "मी समजू शकते. पण मला वर काहीतरी दाखवावं लागतं. भावना दाखवता येत नाहीत."

"मी बोलू काय?" काकू म्हणाल्या आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पडद्यावर त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"मॅडम, माह्या नावावर अकरा विहिरी. तेवढ्याच लिवा. ठेवाचं तर ठेवा, नाईतर मी जातो. पण एक इचारतो. जानेवारीत तुमी पुन्हा मोजसान. तवा तांड्यावर मालक नसन, ऊसतोडीवर असन. मोटारीच्या पेटीची चाबी कोनापाशी राह्यते, वावर कोन पाह्यते, कोनाचं कोनाशी पटत नाई, हे मी कोनाले सांगून जाऊ? त्याचं तं कार्ड नाई."

मॅडमनी विचारलं, "हे कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठंच नाई."

"मग ते सगळं लिहून काढा. प्रत्येक विहिरीच्या कार्डात. सोमवारी सकाळी मला दिसू दे. मग चौथ्या माणसाचं ठरवू."

कॉल संपला. भाऊंनी टाळी वाजवली. दोघी हसल्या. मीही हसले, आणि घरी जाताना अर्ध्या वाटेवर ते हसू गेलं. सगळं लिहून झाल्यावर काकूंची गरज काय? आजपर्यंत त्यांचं काम दिसत नव्हतं म्हणून त्या जाणार होत्या. आता ते दिसेल, तीन जणांना वाचता येईल, आणि म्हणून जातील. शनिवारभर मी हेच उलटसुलट करत राहिले. जेवताना आईने विचारलं, ताटात काय शोधतेस?

रविवारी सकाळी काकू मुलीच्या जुन्या वह्या बगलेत घेऊन आल्या. कोऱ्या पानांवर त्यांनी गावांची नावं लिहून आणली होती. त्या खुर्चीत बसल्या आणि भराभर सांगायला लागल्या. ह्याची चाबी भावजयीपाशी. त्याची मोटार दोघा भावांत, पण धाकट्याले इचाराचं. इथं सकाळी जाऊ नये, म्हातारा झोपते. मी टाइप करत होते. चार कार्डं झाली, पाचव्याला माझा हात थांबला.

"काकू, हे सगळं लिहून दिलं तर उद्या ते म्हणतील, आता तुम्ही कशाला?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मले काय समजत नाई काय? काल दिवसभर त्याच्यातच डोकं गेलं."

"मग?"

"मंग काय? चाबी कोनापाशी हाय, हे लिवता येते. ते बाई चाबी कोनाच्या हातात देते, ते जानेवारीत पाह्यू. लिव तू."

मी लिहिलं. दुपारपर्यंत आम्ही उठलो नाही. शेवटी एका टोकाच्या तांड्यावरची विहीर आली. काकू थांबल्या. वही मिटली.

"हे नको लिवू."

"का?"

"तिथले समदे ऊसतोडीले जातात. एक म्हातारी मांगं राह्यते, एकटी. साऱ्या घराच्या चाब्या तिच्यापाशी. लिवलं तं पुन्यापर्यंत साऱ्याईले माहीत होईन, की म्हातारी एकटी हाय आन् चाब्या कुठं ठेवते. कोन वाचते, कोन नाई, तुले ठाव हाय काय?"

मला नव्हतं ठाव. बोर्ड किती जण पाहू शकतात हे मी कधी मोजलंच नव्हतं. मी सेटिंग उघडून पाहिली. अनोळखी नावांची एक लांब रांग होती. त्यात प्रशिक्षण देणारे सर होते, कधीच सोडून गेलेली माणसं होती, ज्यांची नावं मी कधी ऐकलीही नव्हती अशीही होती. मी त्या रांगेकडे पाहत बसले. मग मागे जाऊन आधी लिहिलेली कार्डं पुन्हा वाचायला लागले, आणि काकूंना एकेक विचारून चार ठिकाणची माहिती पुसली.

ते कार्ड कोरंच ठेवलं. सोमवारी सकाळी नऊच्या आधी मी मॅडमना मेल केला. लिहिलं की बोर्ड पाहणाऱ्यांची यादी कमी केल्याशिवाय काही घरांची माहिती आम्ही त्यावर टाकणार नाही, कारण त्या घरांत माणसं एकटी राहतात. ती माहिती फक्त काकूंना आहे आणि त्यांच्याजवळच राहील. पहिल्यांदाच मी मोठ्या ऑफिसला नाही म्हणत होते.

उत्तर दुपारी आलं, दोन ओळींचं. यादी कमी करते. जानेवारीच्या मोजणीपर्यंत चौघंही राहू देत, नंतर पाहू.

मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्या भाकरीचं फडकं सोडत होत्या.

"नंतर मंजे कवा?"

"माहीत नाही, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. "जेव आता. उद्या त्या म्हातारीकडं जाऊ. तुह्यंही तोंड पाहून ठेवू दे तिले. मी काय साऱ्या जलमाले पुरनार हाय काय?"